मुडदूस, माशाचं तेल आणि साठ हजारांची पुडी



आजचा विषय तुमच्या घरातला आहे. मेडिकलमधून आणलेली, "आठवड्यातून एकदा दुधातून घ्या" म्हणून सांगितलेली व्हिटॅमिन डीची पुडी. मराठीत आपण त्याला ड जीवनसत्त्व म्हणतो. ही पुडी कुणाच्या घरी देव्हाऱ्याच्या कोनाड्यात असते, कुणाच्या चुलीवरच्या फळीवर, तर कुणाच्या घरी खिडकीत, कंगव्याच्या शेजारी. गुडघे दुखतात म्हणून सासूबाईंना दिलेली असते, कंबर धरते म्हणून सुनेला दिलेली असते, आणि उरलेली एखादी "असू दे, लागेल" म्हणून ठेवलेली असते.

ही पुडी कुठे ठेवायची, कोणती घ्यायची आणि किती घ्यायची, हे तीन प्रश्न साधे वाटतात. पण त्यांची उत्तरं मिळायला माणसाला तीनशे वर्षं लागली. त्या शोधात डॉक्टर होते, कोळी होते, आणि आपल्यासारख्या बायकाही होत्या. ती गोष्ट एकदा ऐकली की नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप पटतात. म्हणून आज आधी गोष्ट, मग पुडी.

धुराखालची मुलं

मुडदूस हा शब्द आपल्या आजीला माहीत होता. मुलाचे पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटं जाड होतात, टाळू वेळेत भरत नाही, मूल उशिरा चालतं. इंग्लंडमध्ये या आजारावर फ्रान्सिस ग्लिसन नावाच्या डॉक्टरांनी १६५० साली मोठा ग्रंथ लिहिला. आजाराचं वर्णन त्यांनी नेमकं केलं, पण कारण काही सापडलं नाही.

पुढे कारखाने आले. लंडन, ग्लासगोसारख्या शहरांवर दगडी कोळशाचा धूर पसरला. अरुंद गल्ल्या, उंच घरं, काळवंडलेलं आकाश. अशा ठिकाणी गरिबांच्या मुलांमध्ये मुडदूस घरोघरी दिसू लागला. १८२२ साली पोलंडचे डॉक्टर श्न्यादेत्स्की यांनी लिहून ठेवलं, की शहरातल्या मुलांना हा आजार होतो, खेड्यातल्या मुलांना तेवढा होत नाही, तेव्हा मुलांना उन्हात न्या. १८९० मध्ये थिओबाल्ड पाम या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ते जपानमध्ये काम करून आले होते. तिथे त्यांना मुडदूस जवळजवळ दिसला नव्हता, आणि इंग्लंडात परतल्यावर जागोजागी दिसला. त्यांनी देशोदेशींच्या डॉक्टरांकडून माहिती मागवली आणि निष्कर्ष काढला, की जिथे ऊन भरपूर, तिथे मुडदूस कमी. ऊन फुकट मिळतं. फुकट मिळणाऱ्या औषधावर विश्वास बसायला वेळ लागतो. त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही.

दुसरीकडे उत्तर युरोपातले कोळी कॉड नावाच्या माशाच्या यकृताचं तेल वापरत होते. उग्र वासाचं, काळपट तेल. सांधेदुखीवर आणि मुडदुसावर ते देत. कुणी म्हणे तेल चांगलं, कुणी म्हणे ऊन चांगलं. आता तुम्हीच सांगा, माशाच्या तेलाचा आणि सूर्याचा काय संबंध? हे कोडं कुणालाच सुटत नव्हतं.

व्हिएन्नातल्या बायका

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना शहर उपाशी होतं. दूध नाही, लोणी नाही, कोळसा नाही. मुलांची हाडं मऊ पडत होती. १९१९ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधून हॅरिएट चिक नावाच्या शास्त्रज्ञ बाई तिथे गेल्या. त्या काळात प्रयोगशाळेत बाईने काम करणंच अनेकांना रुचत नसे. चिकबाईंना लिस्टरमध्ये घेतानाही काहींनी विरोध केला होता. व्हिएन्नात त्यांच्या सोबतीला एल्सी डॅलियेल, हेलन मॅके, मार्गारेट ह्यूम आणि हॅना हेंडरसन स्मिथ होत्या. सगळ्या बायकाच.

तिथल्या मुलांच्या इस्पितळाचे प्रमुख होते पिर्के. मोठे नावाजलेले डॉक्टर. त्यांचं मत होतं, की मुडदूस हा जंतूंमुळे होतो. तरीही त्यांनी या बायकांना काम करू दिलं. बायकांनी धीराने दोन-तीन वर्षं नोंदी ठेवल्या. हिवाळ्यात काही बाळांना नेहमीचा आहार, काहींना कॉड माशाचं तेल. कुणाचं वजन किती, कुणाच्या हाडाची क्ष-किरण तपासणी कशी, सगळं लिहिलं. नेहमीच्या आहारावरच्या बाळांमध्ये हिवाळ्यात मुडदूस दिसला, तेल घेणाऱ्या बाळांना त्याने राखलं. मुडदूस झालेली मुलं तेलानेही बरी झाली आणि उन्हात ठेवल्यानेही बरी झाली. म्हणजे दोघांचं म्हणणं खरं होतं. पिर्केंनाही ते मान्य करावं लागलं.

त्याच सुमारास बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांवर एका विशेष दिव्याचा उजेड पाडला. उन्हातले जे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण कातडी रापवतात, ते या दिव्यातून येत. नवल पुढेच आहे. एकाच हातावर उजेड दिला, तर दुसऱ्या हाताची हाडंही भरून आली. याचा अर्थ, ऊन थेट हाडावर काम करत नाही. कातडीत काहीतरी तयार होतं आणि ते रक्तातून अंगभर जातं. तेच "काहीतरी" माशाच्या तेलातही होतं. कोडं सुटायला लागलं.

उकळलेलं तेल काय सांगून गेलं

आता आपण साठवणीच्या गोष्टीकडे येतो.

१९१९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलॅन्बी यांनी कुत्र्याची पिल्लं घरात ठेवून, ओटची लापशी वगैरे देऊन त्यांच्यात मुडदूस आणून दाखवला, आणि कॉड माशाच्या तेलाने तो बरा केला. तेलात अ जीवनसत्त्व असतं हे तेव्हा माहीत झालं होतं. त्यांना वाटलं, हे त्याचंच काम.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात मॅकॉलम यांनी १९२२ साली एक युक्ती केली. त्यांनी कॉड माशाचं तेल तापवलं आणि त्यातून हवा फिरवत राहिले. उष्णता आणि हवा लागून त्यातलं अ जीवनसत्त्व नष्ट झालं. ते तेल दिल्यावर उंदरांचे डोळ्यांचे आजार बरे होईनात. पण मुडदूस मात्र बरा होत होता! म्हणजे तेलात दुसरी एक चीज होती, अधिक चिवट. अ, ब, क ही नावं आधीच देऊन झाली होती. म्हणून हिचं नाव पडलं ड.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, उष्णता आणि हवा हे जीवनसत्त्वांचे शत्रू आहेत, हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालं. दुसरी, ड जीवनसत्त्व तेलात मिसळलेलं असताना चिवट असतं, पण म्हणून ते अमर नाही. शुद्ध, कोरड्या रूपात त्याला उजेड आणि हवा लागली की ते हळूहळू बिघडतं. औषध कंपन्या ही शुद्ध भुकटी हवाबंद डब्यात, अंधारात आणि थंडीत ठेवतात. गोळी, कॅप्सूल किंवा पुडी बनवताना तिला संरक्षण दिलेलं असतं. पट्टीची चांदी, बाटलीची तपकिरी काच, पुडीचा आतला चकचकीत कागद, हे सगळं तिचं घर आहे. ते घर आपण मोडायचं नाही.

गंमत बघा. जे ऊन आपल्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतं, तेच ऊन खिडकीतल्या बाटलीतलं ड जीवनसत्त्व बिघडवतं. कातडीवर सूर्य माय, बाटलीवर सूर्य वैरी.

मग घरात कुठे ठेवायचं? चुलीवरच्या किंवा गॅसजवळच्या फळीवर नाही, तिथे धग आणि वाफ. पत्र्याखालच्या माळ्यावर नाही, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. टीव्हीवर, फ्रिजच्या डोक्यावर नाही, तिथे गरम हवा येते. आणि माठाशेजारीही नाही. गारवा म्हणून आपण माठाजवळ ठेवतो, पण ओल लागली की पुडीतले दाणे गोळा होतात, कॅप्सूल चिकटतात. फ्रिजमध्ये ठेवा असं वेष्टनावर लिहिलेलं नसेल तर फ्रिजचीही गरज नाही. बहुतेक वेष्टनांवर २५ किंवा ३० अंशांखाली, कोरड्या जागी, उजेडापासून दूर असं लिहिलेलं असतं. आपल्या घरातली आतली खोली, ऊन न लागणारी भिंत, खालच्या बाजूचं फडताळ, त्यात झाकणाचा पत्र्याचा डबा. एवढं पुरे. मात्र फडताळ खाली असेल तर डब्याला कुलूप हवं, कारण लहान मुलाला कॅप्सूल म्हणजे गोळीच वाटते.

गोळ्या पट्टीतून काढून एका डबीत ओतू नका. पट्टीवरची तारीख जाते, नाव जातं, आणि हवा लागते. पुडी फोडली की लगेच संपवायची. अर्धी आज, अर्धी पुढच्या आठवड्यात, असं करायचं नाही. बाळाच्या थेंबांची बाटली उघडली की त्यावर उघडल्याची तारीख पेनाने लिहायची, आणि उघडल्यावर किती दिवस चालेल हे वेष्टनावर वाचायचं.

दोन भाऊ आणि एक नावबंधू

आता निवडीची गोष्ट.

१९२४ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले हॅरी स्टीनबॉक यांनी दाखवलं, की काही खाद्यपदार्थांवरच तो अदृश्य उजेड पाडला तर त्यांच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. त्यांनी पेटंट घेतलं, आणि त्याचा पैसा विद्यापीठाच्या संशोधनाला मिळावा म्हणून संस्था उभी राहिली. पुढे जर्मनीचे विंडाउस यांना या विषयाशी जोडलेल्या कामासाठी १९२८ चं नोबेल मिळालं. यीस्ट, अळंबीसारख्या गोष्टींपासून बनतं ते ड-२. माणसाच्या आणि प्राण्यांच्या कातडीत बनतं ते ड-३. बाजारातलं बहुतेक ड-३ मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून बनवतात. शाकाहारी असाल आणि मनाला पटत नसेल, तर डॉक्टरांना सांगून ड-२ किंवा दगडफुलासारख्या गोष्टींपासून केलेलं ड-३ मागता येतं. दोन्ही काम करतात, मात्र रक्तातली पातळी वाढवून टिकवण्यात ड-३ सरस ठरलं आहे.

पुडीवर ड-३ चं नाव "कोलेकॅल्सिफेरॉल" असं असतं. आता "कॅल्सिट्रायॉल" हे नावही लक्षात ठेवा. कानाला जवळचं, कामाला वेगळं. आपण घेतलेल्या ड जीवनसत्त्वावर यकृत आणि मूत्रपिंड संस्कार करतात आणि मग शेवटचं, जोरकस रूप तयार होतं, ते हे. मूत्रपिंडाच्या आजारासारख्या खास कारणांसाठी डॉक्टर ते देतात. शेजारणीच्या घरातली अशी कॅप्सूल "डीचीच आहे" म्हणून घ्यायची नाही.

नावाने फसगत होते हे आपल्या देशानेही पाहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचं कॉड तेल येणं बंद झालं, तेव्हा मद्रास, त्रावणकोर, मुंबईकडच्या किनाऱ्यावर मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, यकृताचं तेल काढायला सुरुवात झाली. देशाची मोठी सोय झाली. पण त्या तेलात अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ड कमी. दोन्ही माशांचीच तेलं, तरी काम एक नाही. म्हणून बाटलीचं चित्र पाहायचं नाही, बाटलीवरचा मजकूर वाचायचा.

आणि मजकूरही आंधळेपणाने मानायचा नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत दुकानांतल्या ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या तपासल्या, तेव्हा कुठे लिहिलेल्या मात्रेच्या फक्त ९ टक्के औषध सापडलं, तर कुठे १४६ टक्के. म्हणून परवानाधारक मेडिकलमधूनच घ्या, पक्कं बिल घ्या. नाव, मात्रा, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, परवाना क्रमांक, हे सगळं असलंच पाहिजे. बाजारच्या दिवशी गाडीवर विकायला येणारी "हाडांची पावडर", ज्यावर मात्राच लिहिलेली नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घरात आणू नका.

उंबऱ्याआतल्या बाया

तुम्ही म्हणाल, आपल्या देशात तर ऊनच ऊन. मग आपल्याला हे कशाला?

१९२० च्या दशकात मुंबई इलाख्यात डॉ. हचिसन आणि डॉ. शाह यांनी पाहणी केली. शेतात, रस्त्यावर राबणाऱ्या गरिबांच्या घरात मुडदूस दिसेना. बरं खाणाऱ्यापिणाऱ्या, पण बायकांना पडद्यात ठेवणाऱ्या घरांत मात्र तो दिसत होता. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली यावर पुस्तकच लिहिलं. कोंडलेल्या बायकांची हाडं मऊ पडत. कंबरेचा सांगाडा आत दबला जाई. मग बाळंतपणात बाळाला वाटच उरत नसे. पुढे डॉ. डॅगमार विल्सन यांनी कांगडा खोऱ्यात अशाच बायकांचा अभ्यास केला. त्या बायका चालताना हेलपाटत, पाठीच्या दुखण्याने वाकत, आणि बाळंतपणात जीव गमावत. जगाला कारण समजलं होतं, तरी त्यांच्यापर्यंत ऊन पोचलं नव्हतं.

आज पडदा तसा उरला नाही. पण पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला-तोंडाला रुमाल बांधून आपण शेतात जातो, आणि ते उन्हाच्या तडाख्यापासून वाचायला गरजेचंही आहे. सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्व बनवायला जास्त वेळ लागतो. बाळंतिणीला सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत ठेवतो. आणि "कोवळं ऊन" म्हणून आपण ज्याची स्तुती करतो, त्या भल्या सकाळच्या उन्हात ऊब असते, पण ते कामाचे किरण फार थोडे असतात. साधी खूण सांगते. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल, तेव्हा ते किरण पुरेसे येतात. काचेच्या खिडकीतून ते आत येत नाहीत. हिवाळ्यात अशा आखूड सावलीच्या वेळी हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ अंगणात बसून धान्य निवडलं तरी फायदा. उन्हाळ्यात मात्र जीव सांभाळून, थोडकंच. उन्हाचं एक बरं असतं. कातडी गरजेपुरतंच बनवते, जास्तीचं ऊन ते मोडून टाकतं. उन्हाने ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. पुडीने होते.

जास्त झालं की काय होतं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये सरकारने बाळांसाठी दुधाच्या भुकटीत ड जीवनसत्त्व घातलं, खिमटीच्या पिठात घातलं, वर कॉड तेलही दिलं. हेतू चांगला होता. पण एकाच बाळाच्या पोटात तिन्हीकडून जाऊ लागलं. १९५० च्या दशकात काही बाळांच्या रक्तात कॅल्शियम फार वाढलेलं आढळलं. बाळं खाईनात, ओकू लागली, वाढ खुंटली. शेवटी सरकारने मात्रा कमी केली. चांगली गोष्टही मोजून द्यावी लागते, हा त्यातला धडा.

आता आपल्या पुडीचं माप बघा. ड जीवनसत्त्व "आययू" या मापात मोजतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ६०० आययू लागतं, तान्ह्या बाळाला ४००. आपल्या पुडीत असतं ६०,०००. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचं! अंगातलं कोठार रिकामं झालं असेल तर ते भरायला डॉक्टर अशी पुडी आठवड्याला एक, ठरावीक आठवडे देतात. तीच कुणी रोजची समजून घेतली, तर रोज शंभर दिवसांचं औषध पोटात जातं. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठतं. मळमळ, भूक मरणं, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, गुंगी ही जास्त झाल्याची चिन्हं. पुढे मूत्रपिंड बिघडतं. अशी चिन्हं दिसली तर पुडी थांबवा आणि पुडीचं पाकीट सोबत घेऊन दवाखान्यात जा.

बाळाच्या थेंबांतही हाच धोका. एका कंपनीच्या एका मिलिलिटरमध्ये ४०० आययू, दुसरीच्या एका मिलिलिटरमध्ये ८०० किंवा त्याहूनही जास्त. बाटली बदलली की मात्रा बदलते. ड्रॉपरही त्याच बाटलीचा वापरायचा, जुन्या बाटलीचा नाही.

गरोदर बहिणींसाठी सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० आययू ड-३ असतं. चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत, रोज दोन. जेवणासोबत घ्यायची, पण लोहाच्या गोळीबरोबर नाही. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. ही गोळी चालू असताना बाहेरून आणखी पुडी घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारा. ब्रिटनच्या बाळांची गोष्ट आठवा.

पुडी उपाशीपोटी घेऊ नका. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळतं. दुपारच्या जेवणानंतर, पोळीला तूप लावलेलं असेल, शेंगदाण्याची चटणी असेल, त्या वेळी घेतलेली जास्त अंगी लागते. आणि दुकानातलं दूध-तेल घेताना पिशवीवर निळी "+एफ" खूण आहे का पाहा. त्यात अ आणि ड मिसळलेलं असतं.

गटाच्या बैठकीसाठी

मैत्रिणींनो, व्हिएन्नातल्या त्या पाच बायका आठवा. त्यांच्याकडे नोंदी ठेवण्याचा धीर होता. तो आपल्याकडेही आहे. पुढच्या बचत गटाच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला औषधांचा डबा घेऊन या. आशाताईंना बोलवा. मुदत संपलेली पुडी बाजूला काढा. कॅल्सिट्रायॉल कुठली, कोलेकॅल्सिफेरॉल कुठली, ते वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारणीने वाचून दाखवा. आणि प्रत्येक पुडीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात दोनच गोष्टी लिहा, कुणाची आहे आणि कोणत्या वारी घ्यायची. वार लिहिला की ती रोज घेतली जात नाही.

कॅलेंडरवर त्या वाराला टिंब करा. पुडी घेतली की टिंबावर फुली मारा. सासूबाईंनी घेतली की नाही हे मग विचारावं लागत नाही, भिंतच सांगते.